आबांची ठासणीची बंदूक आपल्या नावावर कशी करायची? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अजूनही एखाद्या धाब्याच्या घरात खुंटीला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक टांगलेली दिसते. आबांनी, म्हणजे आजोबांनी, केळी-ज्वारीतली रानडुकरं हाकलायला घेतलेली. आजोबा असतात तोवर सगळं ठीक असतं. ते गेल्यावर मात्र बंदूक कुणाची हा विषय घरात कुणी काढत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसरीकडे तरुण मुलं मोबाईलवर परदेशी शौकिनांचे व्हिडिओ पाहतात. १८५१ च्या कोल्ट नेव्हीची इटलीत बनवलेली प्रतिकृती, सहा कप्प्यांत दारू भरायची, वरून शिशाची गोळी दाबायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि धुराचा लोट उडवायचा. पाहायला सुंदर असतं, यात वाद नाही. मग प्रश्न येतो: ‘काका, हे जुन्या पद्धतीचं आहे ना? मग याला लायसन्स कशाला?’

लागतं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतची शस्त्रं आणि त्यांच्या ठासणीच्या प्रतिकृती ‘अँटिक’ म्हणून वगळलेल्या आहेत, म्हणून तिकडच्या व्हिडिओत कुणी परवान्याबद्दल बोलत नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. बार उडवू शकणारी नळी मग ती ठासणीची असो की काडतुसाची, तिला परवाना हवाच. कलम ४५ मधली सूट फक्त जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, किंवा मोडक्या, आणि दुरुस्त करूनही बार उडणारच नाही अशा शस्त्राला आहे. ‘आमची बंदूक शंभर वर्षांची आहे’ एवढ्यावर ती सूट मिळत नाही. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

नवीन रिव्हॉल्व्हरचा विचार असेल तर स्पष्ट सांगतो. इथल्या दुकानात रिव्हॉल्व्हर मिळतं ते काडतुसाचं. परदेशातून प्रतिकृती मागवायला आयातीची वेगळी परवानगी लागते आणि ती मान्यताप्राप्त नेमबाजांच्या कक्षेतली गोष्ट आहे. ठासणीच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे, तिच्या स्पर्धांत टोपीच्या रिव्हॉल्व्हरचा ‘मॅरिएट’ नावाचा प्रकार आहे: २५ मीटरवरून १३ बार, त्यातले सर्वोत्तम १० धरतात. ज्याला खरोखर त्या वाटेने जायचं आहे त्याने आधी रायफल क्लबचं सदस्यत्व घ्यावं आणि साध्या एअर पिस्तुलावर हात बसवावा. बाकीच्यांसाठी ठासणीत भरायच्या काळ्या दारूच्या छंदाचं खरं दार घरातच आहे: आबांची बंदूक.

वारसाने परवाना

शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे दोन वाटा आहेत. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारस अर्ज करू शकतो. दुसरी वाट फार कमी लोकांना माहीत असते: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो जिवंतपणीच वारस नेमून बंदूक त्याच्या नावावर करण्याचा अर्ज देऊ शकतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आबा हयात असतील तर ही दुसरी वाट धरा. सही करायला मूळ माणूस समोर असतो, भावकीची सहमती सहज मिळते आणि बंदूक एक दिवसही बेवारस राहत नाही.

आमच्याकडे उलट झालं. आबा गेले, बंदूक चार महिने कोठीत धान्याच्या पोत्यांमागे पडून राहिली. कलम २१ सांगतं की बाळगण्याचा हक्क संपला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. ठाण्यात गेलो तेव्हा ‘चार महिने कुठे होती?’ या प्रश्नाला वडिलांजवळ उत्तर नव्हतं आणि लेखी खुलासा द्यावा लागला. दहाव्या-तेराव्याची गडबड असतेच, तरी बंदूक तेवढ्यात जमा करून पावती घ्या. ती पावती पुढे अर्जाला जोडावी लागते.

पात्रता

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. एका माणसाकडे आता दोनच बंदुका राहू शकतात, वारसाने आलेली धरून. आणि शेतमजुरांनी, कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवा: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे.

घरात बंदूक नाही, पण पिकाची नासाडी होते म्हणून हवी आहे, अशांसाठी कलम १३ मध्ये पीक संरक्षणाकरता ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. मात्र हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. आवाजाने जनावर पळवणं वेगळं, मारणं वेगळं. रानडुक्कर असो की नीलगाय, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनविभागाची परवानगी लागतेच.

अर्ज आणि कागद

परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचे जिल्हाधिकारी. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरून त्याची प्रत कार्यालयात द्यायची. सोबत पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा. एस-१ हे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, एस-२ हे बंदूक घरी कुलपात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, एस-३ हे शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला. पीक संरक्षणासाठी सातबारा आणि ८-अ जवळ ठेवा. वारसाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, मूळ परवान्याचं पुस्तक, वारस दाखला, बंदूक जमा केल्याची पावती आणि बाकी सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. सासरी गेलेल्या बहिणी-आत्यांच्या सह्या विसरू नका. अर्ज बहुधा तिथेच अडतो.

जुना परवाना नीट वाचा. त्यावर ‘पूर्व खानदेश’ असेल तर आजचा जळगाव, ‘पश्चिम खानदेश’ असेल तर धुळे-नंदुरबार. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची नोंद शोधायला धुळ्याला जावं लागू शकतं. परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक आहे का तेही बघा. तो नसलेला परवाना आज वैध धरला जात नाही.

आमचा अर्ज परत आला तो एका आकड्यापायी. पुस्तकात नळीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा ३, बंदुकीवर दिसत होता ८. गंज इतका बसला होता की नुसत्या नजरेने ठरेना. ठाण्यातल्या एका जुन्या हवालदारांनी युक्ती केली. आधी रॉकेलच्या बोळ्याने नळी पुसली, मग खडूची पूड बोटाने आकड्यावर चोळून वरची झटकली. खोदलेल्या रेघेत पांढरं राहिलं आणि ३ स्वच्छ उमटला. उरलेलं वळण गंजाचं होतं. तुम्ही हे अर्ज भरण्याआधी करा, आणि बंदूक जमा असेल तर ठाण्यातच करायची विनंती करा.

अर्जानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. शेजारी विचारले जातात, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते, बंदूक ठेवायची जागा पाहतात. नकार आला तर लेखी कारण मागा. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याला नाशिकला.

परवाना हातात आल्यावर

तो पाच वर्षं चालतो, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा. दारू आणि टोप्या परवान्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून. घरी दारू बनवणं गुन्हा आहे. फटाक्याची दारू किंवा काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत कधीच घालू नका. तिचा दाब जुनं लोखंड सोसत नाही, नळी हातातच फुटते. लग्नाच्या वरातीत बार उडवलात तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेमबाजीचा सराव मान्य रेंजवरच करा.

रेंजवरून आलात की त्याच संध्याकाळी बंदूक धुवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि रातोरात गंज धरते, नुसत्या तेलाने ती निघत नाही. आबा चुलीजवळ बसून हाक द्यायचे, ‘कढत पानी जोयजे!’ नळीत उकळतं पाणी ओतलं की खालून काजळासारखं काळं पाणी यायचं, सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत गजाला फडकं गुंडाळून ते नळी घासत राहायचे. कढत पाण्याने लोखंड तापतं आणि आपोआप लवकर सुकतं, हे त्यामागचं कारण. टोपी बसते ती बोंडी काढून वेगळी धुवा, तिच्या बारीक भोकातून सुई फिरवा. मग कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात.

मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या कोरड्या उन्हात काही बिघडत नाही, पण मृगाच्या पहिल्या सरीआधी एकदा बंदूक काढून बघा. तेल लावताना नळीवरच्या क्रमांकावरही बोट फिरवा. पुढच्या नूतनीकरणाला तोच वाचला जाणार आहे.