एका सेंटिमीटरला १३ मायक्रोसेकंद

बडोद्यात पोटाच्या सोनोग्राफीची वेळ घेतली की फोनवर हमखास ऐकू येतं, ‘भूख्या पेटे आवजो.’ सकाळी सेव-उसळ खाऊन गेलात तर बहुधा परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. तेलकट खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, त्यातले खडे नीट दिसत नाहीत. शिवाय आतड्यातली हवा आड येते. हवेने इतकं काय बिघडतं, हे कळायला प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ते उपकरण, नेमकं काय करतो ते पाहायला हवं.

प्रोबच्या तोंडाशी खास सिरॅमिकच्या बारीक पट्ट्यांची रांग असते. बोलताना सगळे त्यांना क्रिस्टलच म्हणतात. विजेचा झटका दिला की पट्टी थरथरते आणि ध्वनी निघतो. परतलेल्या ध्वनीने ती दाबली गेली की वीज निर्माण होते. पाठवणं आणि ऐकणं दोन्ही याच पट्ट्यांकडे, म्हणून ध्वनी सलग न सोडता छोट्या स्पंदांत सोडतात. पोटाच्या ३.५ मेगाहर्ट्झच्या (सेकंदाला ३५ लाख आवर्तनांच्या) प्रोबच्या एका स्पंदात जेमतेम तीन आवर्तनं असतात. तो एक मायक्रोसेकंदही टिकत नाही. मग यंत्र फक्त ऐकतं.

किती वेळ? मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. त्या हिशोबाने एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात, १५ सेंटिमीटरला १९५. म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त वेळ ऐकण्यातच जातो. अशा एका फेरीतून चित्राची एकच उभी रेघ मिळते. १२८ रेघांना २५ मिलिसेकंद, म्हणून सेकंदाला साधारण ४० चित्रं. खोली २० सेंटिमीटर केली की ती ३० वर येतात. घाई करून पुढचा स्पंद लवकर सोडला तर आधीच्याचा उशिरा आलेला प्रतिध्वनी नव्याच्या नावावर जमा होतो आणि खोलवरची गोष्ट वर दिसते. गर्भाचं हृदय पाहताना डॉक्टर खोली आणि रुंदी कमी करतात ती यासाठीच: रेघा आणि थांबणं दोन्ही कमी झाल्याशिवाय वेगाने धडधडणाऱ्या झडपा स्पष्ट दिसत नाहीत.

स्पंद आखूड ठेवणं हे खरं कसब आहे. ३.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर, म्हणजे तीन आवर्तनांचा स्पंद १.३ मिलिमीटर लांब. एकामागे एक असलेले दोन पृष्ठभाग याच्या निम्म्याहून, ०.६५ मिलिमीटरहून, जवळ असतील तर त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. देवळातल्या घंटेवर हात ठेवला की नाद थांबतो, तसं पट्टीचं थरथरणं आवरायला तिच्या मागे टंगस्टनची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचा थर असतो.

मग वारंवारता वाढवून सगळंच बारीक का पाहू नये? कारण ऊती ध्वनी शोषतात: ढोबळमानाने दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल. १० सेंटिमीटर जाऊन येताना ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी ३५ डेसिबलने घटतो, म्हणजे सुमारे तीन हजारावा भाग उरतो. १० मेगाहर्ट्झचा १०० डेसिबलने, म्हणजे हजार कोटीवा भाग. म्हणून त्वचेजवळच्या थायरॉइडला १० मेगाहर्ट्झचा प्रोब चालतो, यकृताला नाही.

आता हवा. ऊती आणि हवा यांच्या सीमेवर ९९.९ टक्के ध्वनी मागे फिरतो. पुढे जायला काही उरतच नाही. त्वचा आणि प्रोब यांच्यामधली पातळशी हवाही पुरते, म्हणून जेल सढळ हाताने लावायचं. पोटात गॅस असेल तर मागचं स्वादुपिंड झाकलं जातं. उलट ओटीपोट तपासताना भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि मूत्र ध्वनी फारसं शोषत नाही, म्हणून त्यामागचा भाग उजळ दिसतो. पित्ताशयातल्या खड्यामागे मात्र काळी सावली पडते, आणि निदानाला तीच उपयोगी पडते.

यंत्र अंतर मोजत नाही, वेळ मोजतं. अंतर १५४० वरून काढलेलं असतं. चरबीत वेग सुमारे १४५०. तीन सेंटिमीटर चरबीमागचा अवयव त्यामुळे जवळजवळ दोन मिलिमीटर अधिक खोल दिसतो.

प्रोब एकदा पडला तरी काही पट्ट्या निकामी होऊ शकतात. तपासायचं सोपं आहे: जेल पुसून कोरडा प्रोब हवेत धरा, उघडलेल्या पेपरक्लिपचा पाठीचा गोल भाग त्याच्या तोंडावरून अलगद सरकवा. क्लिपखालची चालू पट्टी स्क्रीनवर उजळ रेघांचा पट्टा दाखवते. जिथे तो पट्टा विझतो, तिथली पट्टी मेलेली असते.