थायरॉइडची गोळी चालू आहे, मग वजन का हलत नाही?

रक्तात टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारा हार्मोन, थायरॉइड मंद पडला की तो वाढतो) वाढलेला दिसला की पहिलं मनात येतं ते हेच, हां, म्हणून वजन वाढत होतं तर! आता गोळी सुरू झाली की आपोआप उतरेल. मग काही महिन्यांनी टीएसएच नॉर्मल येतो, काटा एखाद-दोन किलो खाली सरकतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट छान आहे, आणि पेशंटला वाटतं ह्यांना काही कळतच नाहीये.

खरं सांगायचं तर थायरॉइडच्या नावावर आपण जरा जास्तच किलो खपवतो. नुसत्या हायपोथायरॉइडने, म्हणजे थायरॉइड मंद पडल्याने, वाढणारं वजन साधारण 2 ते 5 किलोच्या घरात असतं, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी चरबी नसतेच, ते मीठ आणि पाणी असतं. हार्मोन कमी पडला की त्वचेखाली हायलुरोनिक ॲसिडसारखे पदार्थ साठायला लागतात, ते पाणी धरून ठेवतात, म्हणून सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या भोवती फुगलेलं, अंगठी निघत नाही, आवाज जड. आजार बराच वाढलेला असेल तर ही सूज बोटाने दाबली तरी खड्डा पडत नाही. गोळीने आधी उतरतं ते हे पाणी, म्हणून सुरुवातीला फरक दिसतो आणि मग थांबतो.

मेटाबॉलिझम मंदावतो हे खोटं नाही हं. 1895 मध्ये माग्नुस-लेव्ही ह्या जर्मन डॉक्टरने पेशंट श्वासातून किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं, थायरॉइड मंद असलेल्यांचा वापर कमी आणि ज्यांचा थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतो त्यांचा जास्त निघाला. पण टीएसएच थोडासाच वर असेल तर हा फरक फार मोठा नसतो.

उलटंही होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. वजन खूप वाढलं की त्यामुळेच टीएसएच थोडा वर जाऊ शकतो आणि वजन उतरलं की तो खालीही येतो, म्हणजे प्रत्येक वेळी दोष थायरॉइडचाच असतो असं नाही. आणि एकदम कडक डाएट केलं तर शरीर टी3 हा थायरॉइडचा हार्मोन कमी करून खर्चात काटकसर करतं.

मग काहीजण म्हणतात, डोस वाढवून घेऊ का? अजिबात नको. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनने (गोळीतला थायरॉइडचा हार्मोन) हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात, आणि जे वजन उतरतं त्यात स्नायूही जातात. वजन कमी करायला ही गोळी वापरू नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापायलाच लावलाय.

त्यापेक्षा आहे तो डोस नीट अंगी लागतोय ना ते बघा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये 4 तासांचं अंतर. डोस बदलला की 6 ते 8 आठवड्यांनीच टेस्ट, कारण थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. केस गळतात म्हणून बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्याने काही लॅबमध्ये टीएसएच खोटाच कमी दिसतो.

एवढं सगळं जागेवर असूनही काटा हलत नसेल तर मग झोप, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन बिघडण्याचा एक त्रास), स्टेरॉइड किंवा डिप्रेशनच्या गोळ्या, आणि हो, ताटात काय पडतंय, हे तपासायची वेळ आली.