गंज काढणे, संग्राह्य हत्यारांवरील

जुन्या लोखंडी-पोलादी हत्यारांवर वरवर चढलेला गंज, मूळ धातू, छाप आणि लेप शाबूत ठेवून उतरविण्याची क्रिया. धातूला खड्डे पडलेले नाहीत असा गंज येथे अभिप्रेत आहे. अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीचे बेली पद्धतीचे (लेनर्ड बेली याच्या रचनेचे) लोखंडी रंधे हे याचे ठळक उदाहरण.

तांबडा-तपकिरी थर जलयुक्त फेरिक ऑक्साइडांचा असतो. तो सच्छिद्र असून ओल धरतो, म्हणून काढावा याबद्दल दुमत नाही. त्याखालच्या घट्ट, काळसर, बव्हंशी मॅग्नेटाइटच्या (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडाच्या) थराविषयी मात्र मतभेद आहेत. वापरणारे सुतार लखलखीत धातूपर्यंत घासतात, संग्राहक काळा थर राखतात. संग्राहकांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण कालनिश्चितीच्या काही खुणा फार उथळ असतात. पात्यावरचा हृदयाकृती छाप (अंदाजे 1920 ते 1935) पॉलिश पेपरने सहज पुसट होतो. बुडाच्या बिडात ओतलेल्या पेटंटच्या तारखा टिकतात; त्या तीन असल्यास (1902 च्या दोन, 1910 ची एक) रंधा साधारणतः 1910–18 चा मानतात. तथापि दुरुस्तीत सुटे भाग बदललेले असतात. एका खुणेवर विसंबू नये.

प्रथम रंधा सोडवून लाकडी मुठी व पितळी भाग बाजूला ठेवतात. हलके तेल लावून काही तास मुरू देतात, दाढीचे पाते जवळजवळ आडवे धरून गंज खरवडतात, मग 0000 क्रमांकाचे स्टील वूल (पोलादी तंतूंचा अतिशय बारीक बोळा) फिरवतात. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

न भागल्यास 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घेऊन सुटा भाग बुडवतात व दर अर्ध्या तासाने काढून ब्रशने घासतात. जास्त वेळ राहिल्यास ॲसिड बिडातले लोखंडही खाते; ग्राफाइट मागे उरून हाताला काजळी लागते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, गरम पाण्याने धुऊन तत्काळ पुसावे व तेल लावावे. इथे रेंगाळल्यास काही मिनिटांतच नारिंगी झाक येते.

विद्युत् विच्छेदन या आणखी एका पद्धतीत (द्रावणातून वीज सोडून गंज सुटवताना) धुण्याच्या सोड्याचे पाणी व बॅटरी चार्जर वापरतात. हत्यार ऋण टोकाला, साधे लोखंड धन टोकाला. उलट जोडल्यास हत्यारच झिजते. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. हायड्रोजन सुटत असल्याने काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावे. रंध्याच्या बुडावरचा काळा लेप (जॅपनिंग) डांबर व जवस तेलाचा, भट्टीत भाजलेला असतो. या अल्कधर्मी पाण्यात तो मऊ होऊन सुटू शकतो. मूळ लेप टिकलेल्या नगाला ही पद्धत लावू नये.