रात्रभर जागे: निद्रानाश, की झोपेची विस्कटलेली लय?

"रात्री अजिबात झोपत नाहीत, एखादी गोळी द्या." डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाची देखभाल करणारे डॉक्टरांकडे ही तक्रार घेऊन येतात. जागरणांनी तेही थकलेले असतात. पण या एका वाक्याआड दोन निरनिराळे प्रश्न असू शकतात, आणि म्हणून गोळीआधी विचारायला हवं: दिवसा किती झोपतात?

निद्रानाशात झोप हवी असते, पण ती लागत नाही किंवा टिकत नाही. माणूस कूस बदलत राहतो आणि रात्रीची तूट दिवसाही भरून निघत नाही. मागे दुखणं असू शकतं, लघवीला वारंवार उठणं, नैराश्य किंवा एखादं औषध. ते कारण शोधायचं.

लय विस्कटते तेव्हा झोप कमी झालेली असतेच असं नाही. ती चोवीस तासांत तीन किंवा अधिक तुकड्यांत विखुरते. सकाळी खुर्चीत पेंग, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा डुलकी आणि रात्री दोन वाजता टक्क जागे. सगळी बेरीज केली तर वयाला साजेशी निघते.

असं का होतं? शरीराचं घड्याळ म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातला सुमारे २०,००० पेशींचा पुंजका. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात त्याचीही झीज होते. हे घड्याळ रोज प्रकाशावर जुळवून घेतं. तो संकेत डोळ्याच्या पडद्यातल्या मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असलेल्या पेशी पाठवतात आणि त्यांना निळसर प्रकाश सर्वांत जास्त जाणवतो. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि नेमका तोच प्रकाश अडवतं. त्यात माणूस घरात बसून. खोलीत १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स. घड्याळ अशक्त, संकेतही अंधुक!

२००८ साली नेदरलँड्समधल्या १२ निवासी केंद्रांतल्या १८९ वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे दिवसभर सुमारे १,००० लक्स प्रकाश ठेवला, तिथे बौद्धिक घसरण थोडी मंदावली आणि उदासीही कमी दिसली. नुसतं मेलाटोनिन (झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) दिलं तेव्हा झोप वाढली, पण मनःस्थिती बिघडली. परिणाम माफक होते, आणि २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याला (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) प्रकाशोपचाराची शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. तरी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा लयबिघाडात प्रकाशोपचार सुचवतात आणि झोपेच्या गोळ्या टाळायला ठामपणे सांगतात. मला हे पटतं. गोळीने पडण्याचा आणि गोंधळ वाढण्याचा धोका असतो, दिवसाची पेंगही वाढते. सकाळच्या उजेडात बसवण्याचा धोका त्यामानाने फार कमी. मात्र डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर प्रखर दिवा आणण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

ओळखायचं कसं? आठवडा-दोन आठवडे झोपेची प्रत्येक वेळ लिहून ठेवा, दिवसाची डुलकीसुद्धा. डॉक्टरांसमोर ती वही ठेवली की बरंच उलगडतं. दोन्ही प्रश्न एकत्रही असतात, तेव्हा आधी दुखणं-लघवीसारखी कारणं पाहावीत. आणि हा बदल एक-दोन दिवसांत अचानक झाला असेल, माणूस भ्रमिष्टासारखा वागत असेल किंवा फार सुस्त पडला असेल, तर वही भरत बसू नका. तो डेलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो, मागे संसर्ग किंवा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.