डोक्यावरून पाणी नाही तेव्हा केसांचं काय करायचे आपले लोक

मागच्या हिवाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळ्यात थेंबसुद्धा जाता कामा नये. आता आईचे केस अजूनही कमरेखाली, आणि डोकं असं नाजूक की जरा घाम आला की खाज, तेल बदललं की पुरळ, मी तर ऑटोत बसल्या बसल्याच मोबाईलवर ड्राय शॅम्पू शोधायला लागले. तर ही म्हणते, "अवं, पंधरा दिवसाचं काय घेऊन बसली, बाळंतपणात आमच्या डोक्स्याले पाणी कवा लागे ते विचार." मग मी खरंच विचारत बसले, तिला, मावशीला, शेजारच्या काकूंना, आणि जे सापडलं ते इथे लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे आंघोळ वेगळी आणि न्हाणं वेगळं. आंघोळ रोजची, न्हाणं म्हणजे डोक्यावरून, आणि ते आठवड्याचं, कधी त्याहून लांबचं. महिन्याच्या पाळीनंतर चौथ्या दिवशी, सणाला, दिवाळीत तेल-उटणं लावून, नाहीतर बाजाराच्या आदल्या दिवशी. म्हणजे "केस धुता येत नाहीत" ही काही अडचण मानलीच जायची नाही, न धुतलेले दिवसच जास्त असायचे आणि त्या दिवसांची व्यवस्था ठरलेली होती. आज आपण दोन दिवस केस नाही धुतले की आरशात बघवत नाही, ते फार अलीकडचं आहे बरं.

कारण पाणी. आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, विहिरीला पाणी लागतं पण तोंडात धरवत नाही. गोडं पाणी डोक्यावरून आणायचं ते पिण्यापुरतं, कमरेएवढ्या केसांना दोन बादल्या गोडं पाणी म्हणजे चैनच. आणि खाऱ्या पाण्यात साबण लावला तर फेस येत नाही, उलट केसांवर पांढरट चिकट थर बसतो. हे पाणी जडही असतं, आणि जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात, तो केसात अडकतो आणि डोकं धुतल्यावर आधीपेक्षा जास्त खाजतं. आई याला "डोक्सं चिकटलं" म्हणते. तिच्या सासूने कपड्याचा साबण एकदाच डोक्याला लावला होता म्हणे, आणि नंतर तीन दिवस फणी चालेना.

मग धुवायचे कशाने? काळ्या मातीने. हे ऐकून मी हसले होते, पण जरा बघितलं तर यात दम आहे. आपली कापसाची काळी माती माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीने भरलेली असते, तीच जी पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बाजारात पाकिटात मिळणारी मुलतानी माती साधारण त्याच घराण्यातली, तेल आणि मळ ओढून घ्यायचा गुण दोन्हीत. नदीकाठची मऊ, खडे नसलेली माती आणायची, रात्री भिजत घालायची, सकाळी कपड्यातून गाळून डोक्याला चोपडायची. पाणी जड असलं तरी मातीला काय फरक पडतो, तिथे साका होण्याचा प्रश्नच नाही. दुसरं म्हणजे हिंगणबेट, त्या काटेरी झाडाचं फळ, गर चोळला की फेस. रिठा, शिकेकाई हे बाजारातून पैसे देऊन आणायचे, म्हणून सणासुदीला. या तिघांमध्ये फेस आणणारं सॅपोनिन असतं, आणि तेही जड पाण्यात साबणासारखं फाटत नाही. आता कुणी हे वाचून शेतातली माती डोक्याला लावू नका मात्र, तेव्हाची शेतं वेगळी होती. २०१७ मध्ये यवतमाळात कीटकनाशकाची फवारणी करता करता माणसं गेली, त्या रानातली माती टाळूला चोळायची काय?

हे झालं धुण्याचं. खरी गंमत न धुण्याच्या दिवसांची आहे.

बाळंतिणीला कित्येक दिवस डोक्यावरून पाणी नसायचं, थंडी भरेल म्हणून. कानाला फडकं गच्च बांधलेलं, खाटेखाली शेगडी, आणि संध्याकाळी धुरी. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची टरफलं, वेखंड टाकायचे आणि बाळंतिणीने केस मोकळे सोडून त्या धुरावर धरायचे. केसातला ओलावा जायचा, वास जायचा, निदान वासावर दुसरा वास बसायचा. मावशी म्हणते धुरीनंतर डोकं हलकं वाटायचं. वाटत असेल, पण बंद खोलीत तो धूर बाळाच्या छातीत जायचा हेही खरं, आणि म्हणून आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ धुरीला नाहीच म्हणेल. घरात गोवर-कांजिण्या निघाल्या की "माता आली" म्हणून न्हाणं बंद. सुतकात तेल बंद. नवरात्रात घट बसले की काही घरांत फणीसुद्धा बंद. पण नऊ दिवस फणी नाही म्हटल्यावर लांब केसांचं जे होतं ते नंतर उकलायला अख्खी दुपार लागते, आणि उकललं नाही तर पुढची पायरी जट. केस गुंततात, त्यात तेल, मळ, धूळ बसते, आणि मग कुणीतरी सांगतं की देवीचं बोलावणं आहे, कापायचं नाही. महाराष्ट्रात किती बायकांनी मानेचं दुखणं, उवा, दुर्गंधी घेऊन आयुष्य काढलं या एका समजुतीपायी. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जटा कापायचं काम घरोघरी जाऊन केलं, आधी दोन-दोन तास समजावून मग कात्री. जट हा न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे, बाकी काही नाही.

म्हणून मला वाटतं जुन्या व्यवस्थेत सगळ्यात कामाची वस्तू तेल नव्हतं, माती नव्हती, फणी होती. दुपारी जेवणं झाली की ओसरीत बायका एकीमागे एक बसायच्या, आगगाडीसारख्या, प्रत्येकीच्या हातात पुढचीचं डोकं. आधी मोठ्या फणीने टोकापासून वर असा गुंता काढायचा, मग बारीक लाकडी फणी, तिच्या दातात दोरा गुंडाळलेला म्हणजे लिखासुद्धा ओढून येतात. कोंडा सुटायचा, उवा निघायच्या, मुळाशी साचलेलं तेल केसाच्या टोकापर्यंत पसरायचं, आणि गावातल्या सगळ्या बातम्याही निघायच्या. मग घट्ट नाही पण चापूनचोपून वेणी, तिचा बुचडा, वरून पदर. पऱ्हाटीत कापूस वेचायला जाताना त्यावर रुमाल. बांधलेल्या केसात धूळ कमी जाते आणि गुंता होत नाही, एवढं साधं.

तेलाचं मात्र उलटं निघालं. चरकापासून आपल्याकडे डोक्याला रोज तेल लावायचं सांगितलंय आणि केसांच्या दांडीला, विशेषतः खोबरेल तेलाचा, फायदा आहेच. आपल्याकडे तर जवसाचं, करडईचं, एरंडीचं, मेळघाटाकडे मोहाच्या बियांचं, जे घरी निघालं ते डोक्यावर. पण टाळूला कोंडा आणि खाज असेल तर गोष्ट बदलते. आयुर्वेदात या दुखण्याला दारुणक म्हणतात, खाज, कोरडेपणा, टाळू फुटल्यासारखी होणं. १८७४ मध्ये मालासे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कोंड्यात बुरशीसारखे जीव बघितले, आज त्याच्याच नावाने त्यांना मालासेझिया म्हणतात. ही बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि तेलावर जगते. म्हणजे खाज सुटली म्हणून तेल जिरवायचं, त्याने कोंडा ओला होऊन दिसेनासा होतो, दोन दिवस बरं वाटतं आणि खाली बुरशीला जेवण मिळतं. आईचं चाळीस वर्षं हेच चाललंय. मी हे सांगितलं तर म्हणे, "तेल नाही लावलं तं डोक्सं तापते." यावर काय बोलणार?

अजून एक उपाय आपल्या भागात जोरात चालतो, सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी लावणं. उवा मरतातही. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, असे पेशंट आपल्या देशातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत नोंदवलेले आहेत. लहान पोरींच्या डोक्याला तर अजिबात नको.

शॅम्पू हा शब्द मूळचा आपल्या बाजूचा, हिंदीतलं चांपना, चंपी. पाटण्याचा शेख दीन महंमद इंग्लंडला गेला आणि १८१४ च्या सुमारास ब्रायटनला वाफेच्या आंघोळीसोबत चंपीचं दुकान काढलं, त्याला ते लोक शॅम्पूइंग म्हणायचे. तेव्हा त्यात फेसबिस काही नव्हतं, नुसतं चोळणं. फेसवाला अर्थ नंतर चिकटला आणि तो शब्द बाटलीत बसून परत आपल्याकडे आला, महाग होऊन. गावात शॅम्पू खरा पोचला तो पुडीने. तामिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पुडीत भरायचं डोकं लढवलं, त्यांच्या मुलाने १९८३ मध्ये चिक शॅम्पू सुरू केला, आणि मग बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने आल्या. किराणा दुकानात तोरणासारख्या लटकणाऱ्या रुपयाच्या पुड्या तिथून आल्या. आणि इथे मी जुनं ते सोनं म्हणणार नाही, कारण शॅम्पूतलं डिटर्जंट खाऱ्या पाण्यातही फेस देतं, साका करत नाही. खारपाणपट्ट्यातल्या बाईला पहिल्यांदा घरच्या विहिरीच्या पाण्याने केस सुटसुटीत करता आले ते त्या पुडीमुळे. नाजूक टाळूला तोच फेस कोरडा करतो, चुरचुरतो, ही त्याची दुसरी बाजू.

बिनपाण्याचं धुणंही काही आजचं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत मिनिपू नावाची पावडर विकली जायची, आजारी माणसांना, घाईत असलेल्या बायकांना, केसांवर भुरभुरायची आणि ब्रशने झाडायची. स्टार्च नाहीतर तसलीच काही तेल पिणारी पूड, आजच्या स्प्रेमध्येही मुद्दा तोच. ती तेल शोषते, धूत काहीच नाही, मळ आणि पूड दोन्ही टाळूवरच राहतात. खाजऱ्या डोक्याला हे चार-पाच दिवस सलग केलं की पुरळ येऊ शकतं. वर २०२२ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने ड्राय शॅम्पूचे स्प्रे बेंझिन या कॅन्सर करू शकणाऱ्या रसायनामुळे परत मागवले होते. दुसरा प्रकार म्हणजे न धुवावा लागणारा ओला शॅम्पू, तो अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी निघाला आणि पुढे थेट अंतराळात गेला. २०१३ मध्ये कॅरेन नायबर्ग या अंतराळवीर बाईने स्पेस स्टेशनमधून व्हिडिओ करून दाखवलं, लांब केस हवेत उभे, पिशवीतून कोमट पाणी पिळायचं, शॅम्पू चोळायचा, टॉवेलने पुसून मळ काढायचा आणि फणी. शेवटी फणीच! आईला तो दाखवला तर म्हणते, "इच्या घरी बी खारंच पाणी दिसते."

आईसाठी यातलं काय वापरलं? पावडर नाही, स्प्रे नाही, शिकेकाईची पूड तर नाहीच, कारण यातलं काहीही ऑपरेशनच्या डोळ्यात उडालं तर पंचाईत. तेल पंधरा दिवस बंद, त्यावर दोन दिवस भांडण. रोज दुपारी तिला भिंतीकडे पाठ करून बसवायचं, केसांचे सहा भाग पाडायचे, प्रत्येक भांगेवर कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं टेकवत टेकवत न्यायचं, चोळायचं नाही, मग कोरड्या फडक्याने टिपायचं. वाऱ्यावर वाळू द्यायचे, टोकाकडून विंचरायचे आणि दोन सैल वेण्या, कारण एक घट्ट वेणी असली की झोपताना मुळं ओढतात आणि खाज वाढते. उशीचा अभ्रा दर दुसऱ्या दिवशी बदलायचा. रात्री झोपेत खाजवू नये म्हणून नखं आधीच कापलेली. सातव्या दिवशी फारच खाजायला लागलं तेव्हा डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले खाटेवर उताणं झोपवून डोकं काठाबाहेर काढा, डोळ्यावर ऑपरेशननंतर लावलेली ती प्लास्टिकची वाटी राहू द्या आणि दुसऱ्या कुणीतरी मागून हळू पाणी ओता, पार्लरमध्ये धुतात तसं. मावशीने मान धरली, मी तांब्याने पाणी ओतलं, नळाचं गोडं.

शिकेकाई उकळून गाळून तयार ठेवली होती मी, एवढं सगळं ऐकल्यावर हौस आली होती ना. आईने उताण्या उताण्याच वास घेतला आणि म्हणाली, "ते ठेव तिकडं. दुकानातून दोन पुड्या आण, तेलकट डोक्स्याले एकीनं फेस नाही येत."