युरोपचा एआय कायदा: टूलची माहिती पाठवण्याआधी हे वाचा

‘आमचं एआय टूल कायद्यात बसतं का?’ असं आम्हा सल्लागारांना विचारून सोबत टूलचं ब्रोशर पाठवलं जातं. त्यावरून उत्तर देता येत नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलेला आणि टप्प्याटप्प्याने लागू होणारा युरोपीय संघाचा हा कायदा टूलचं नाव बघत नाही, वापर बघतो. पत्रांचे मसुदे करून घेतलेत तर फारशी बंधनं नाहीत. त्याच टूलकडून नोकरीचे अर्ज चाळून घेतलेत की ते ‘उच्च जोखीम’ गटात जातं. कर्मचाऱ्यांचे चेहरे बघून मनःस्थिती ओळखायला लावलंत, तर वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून २ फेब्रुवारी २०२५ पासून सरळ बंदीच आहे. ‘आमचं युरोपात ऑफिस नाही’, हे उत्तरही पुरत नाही. टूलचा निकाल तिथे वापरला जाणार असेल तर कायदा लागू होतो.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो वापर मध्येच बदलल्याने. चॅटबॉट घेतला ग्राहकांच्या शंकांसाठी, आम्ही कागदपत्रं केली त्या हिशेबाने. मग एचआरच्या लक्षात येतं, हा बायोडेटाही वाचतो की! उमेदवारांना गुण द्यायला सुरुवात होते आणि आम्हाला कळतं ते शेवटच्या तपासणीत. हा नुसता अर्जातला रकाना बदलण्याचा विषय नाही. उद्देश बदलून टूल उच्च जोखमीत नेलंत, तर कायदा तुम्हालाच पुरवठादार, म्हणजे टूल बनवून बाजारात आणणारा, धरतो. तांत्रिक दस्तऐवज, जोखीम व्यवस्थापन, नोंदी, सगळं तुमच्या गळ्यात, आणि आमचं काम पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून आमची प्रश्नावली लांब आहे. ‘लगेच सर्टिफिकेट द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण सल्लागाराच्या शिक्क्याला इथे काही किंमत नाही. देणारे भेटतील, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आम्हाला एवढंच कळवा: टूल कोणाबद्दल काय ठरवतं, शेवटचा शब्द कोणाचा, आणि टूलचा निकाल फिरवायचा अधिकार त्या माणसाला खरोखर आहे का. नुसतं ‘ओके’ दाबणं म्हणजे देखरेख नव्हे. एवढ्यावरून गट कोणता ते आम्ही विनामूल्य सांगतो. टूल कमी जोखमीचं निघालं तर तसंच सांगू, उगाच काम काढणार नाही. वापर बदलायचा झाला तर मात्र बदलण्याआधी एक ईमेल टाका. तेव्हा दुरुस्तीवर भागतं, नंतर नवं काम म्हणूनच धरावं लागतं.