इंग्रजीच्या तासाचे चित्र: नागपुरातील शिक्षक-प्रशिक्षणामागचा इतिहास

नागपुरातील मराठी शाळांना इंग्रजीच्या तासाला चित्र नवे नाही. बी.एड.च्या सराव पाठासाठी गुंडाळून नेलेला तक्ता आणि टाचणातील ‘शैक्षणिक साहित्य’ हा रकाना इथल्या शिक्षकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. आंब्याचे चित्र दाखवायचे, शब्द वदवून घ्यायचा आणि तक्ता उतरवून ठेवायचा, एवढ्यावर चित्राचे काम संपत असे. चित्र हाही वाचायचा मजकूर आहे, ही जाणीव देणारे दृश्य साक्षरतेचे प्रशिक्षण त्यामानाने अलीकडचे.

तक्त्याची रीत मात्र फार जुनी. कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या लॅटिन-जर्मन सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातील वस्तूंना क्रमांक दिले होते आणि तेच क्रमांक मजकुरातील शब्दांपुढे छापले होते. आपल्याकडे १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली, पुढे वाक्यरचनांच्या सरावावर भर देणारी पद्धत रुजली आणि त्या सरावाला निमित्त म्हणून चित्र वापरले जाऊ लागले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्राथमिक शाळांत नकाशे-तक्ते पोहोचवले. ते कसे वाचून घ्यायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

दृश्य साक्षरतेची संकल्पना अमेरिकेत पुढे आणली ती जॉन डेब्स यांनी. त्या विषयावरची पहिली राष्ट्रीय परिषद १९६९ मध्ये रॉचेस्टर येथे भरली. डेब्स ईस्टमन कोडॅकमध्ये नोकरीला होते, तेव्हा कॅमेरे आणि फिल्म विकणाऱ्या कंपनीला या विषयात रस असावा, यात नवल नाही. भाषाशिक्षकाच्या अधिक उपयोगाचे ठरले ते मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन आणि संग्रहालयात कलाशिक्षण देणारे फिलिप येनवाइन यांचे काम. त्यांच्या पद्धतीत शिक्षक आधी विचारतो, चित्रात काय चालले आहे; मूल काही बोलले की विचारतो, असे कशावरून म्हणतोस; आणि मग, आणखी काय दिसते. यातला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण ‘बाई घाईत आहे’ एवढ्यावर न थांबता मुलाला ‘कारण’ जोडून मोठे वाक्य रचावे लागते.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. ज्यांनी स्वतः पाचवीत मुळाक्षरे गिरवली, अशा कितीतरी शिक्षकांवर ती शिकवण्याची जबाबदारी पडली. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत आलेख किंवा तक्ता पाहून परिच्छेद लिहिण्याचा प्रश्नही आला. परीक्षा पुढे गेली आणि प्रशिक्षण मागे राहिले, असे माझे मत आहे. त्यामुळे मुले आलेख न पाहताच पाठ केलेली सुरुवात लिहून मोकळी होतात.

सरावासाठी लागणारी चित्रे नागपुरात जागोजागी आहेत. १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, आहे, मेट्रोचा मार्ग-नकाशा आहे, मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पुतळे, आहेत. प्रशिक्षणात आधी शिक्षकांनीच यांपैकी एखाद्या चित्रावर हे तीन प्रश्न सोडवावेत आणि वर्गात मुलाचे पहिले उत्तर मराठीत आले तरी ते स्वीकारून, तेच त्याच्याकडून इंग्रजीत मांडून घ्यावे.